चौसष्ट टक्के रिकामी

५ फेब्रुवारी

खुडबुड्या,

फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि मी मुद्द्यावर आले की नेमकी तुझी मीटिंग लागते. म्हणून लिहितेय. पत्र तू अर्धवट टाकलंस तरी मला कळणार नाही, तेवढीच माझ्या डोक्याला शांतता.

माझं काम तुला ऐकून माहीत आहे, पण तू ते कधी नीट ऐकलेलं नाहीस. पुन्हा सांगते. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांतला घडी घातलेला कागद असतो ना, जो तू न वाचता फेकून देतोस, तो छापायच्या आधी आम्ही तिघं वाचतो. मोठ्या बाई, मी आणि एक गृहस्थ, ज्यांना सगळं ऑफिस स्वल्पविराम म्हणतं, कारण ते बोलतानासुद्धा दर स्वल्पविरामाला थांबतात. डावीकडे मूळ कागद, उजवीकडे छापलेला, ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक आकडा जुळवत खाली जायचं. मान हलत नाही, कोपर हलत नाही. हलते ती नजर.

डिसेंबरात तुमची माणसं येऊन आमच्या खोलीच्या छताला एक पांढरं अर्धं अंडं चिकटवून गेली. "तुमची माणसं" मुद्दाम म्हणतेय, कारण मी खुर्चीवर चढून त्यावरचं नाव वाचलं. तेव्हापासून आठ मिनिटं झाली की दिवे फटकन बंद. पाठोपाठ थंड हवा बंद. खिडकीला पक्की काच आहे, ती उघडत नाही. मग कोणीतरी उठून हात नाचवायचे, की महाराज पुन्हा प्रसन्न. तोवर ओळ हातची गेलेली. पुन्हा वरून सुरुवात.

काल मोठ्या बाई वर्तमानपत्राची गुंडाळी करून छताकडे बघत ओवाळत होत्या. एकतीस वर्षं नोकरी झालीय त्यांची. शेजारच्या विभागातली दोघं दारात उभी राहून हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे असलं यंत्र ज्याने बनवलं त्याला समोर बसवून मला चार गोष्टी सुनवायच्या आहेत, आणि तो माझा सख्खा भाऊ निघाला तर आठ.

उपाय सांग. लवकर सांग.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग जरा वाईट वाटलं. क्रम उलटा हवा होता, माफ कर.

पण आधी आमची बाजू ऐक. तुमच्या इमारतीत चौदा मीटिंगच्या खोल्या आहेत. आम्ही यायच्या आधी त्या चौदाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत थंड असायच्या आणि उजळलेल्या असायच्या, आत चिटपाखरू नसताना. पाचव्या मजल्यावर माणसं शाली पांघरून काम करायची आणि दुसऱ्या मजल्यावर घामाने निथळायची, कारण हवा कुठे किती सोडायची हे कोणाला कळायचंच नाही. आता माणूस आला की दिवा, गर्दी झाली की जास्त हवा, सगळे गेले की बंद. तिथल्या विजेचा वापर जवळजवळ एक चतुर्थांश उतरलाय. आणि पाचव्या मजल्यावरच्या शाली गेल्या. हे वाईट आहे का, तूच सांग.

तुझ्या त्या अंड्याला आत डोळा वगैरे नसतो. अंगाची ऊब हललेली त्याला कळते. ऊब आहे पण हलत नाही, तर त्याच्या लेखी कोणी नाही. सहसा माणसं नाक खाजवतात, चहा पितात, फोन चाळतात, त्यामुळे अडचण येत नाही. फार स्थिर बसल्याची तक्रार करणारे जगात तुम्ही पहिलेच.

आठ मिनिटांची वेळ वाढवून वीस करता येते. आमच्या माणसांनी ती का कमी ठेवली ते बघतो. मी सांगून ठेवतो, काळजी करू नकोस. तोपर्यंत टेबलं खिडकीजवळ सरकवा. दिवसाउजेडी दिवा गेला तरी काही अडणार नाही, आणि उठून हात नाचवायला नकोत.

एकच विनंती. मी तुझा भाऊ आहे हे तिथे बोलू नकोस. ही इमारत आमच्या कंपनीचा नमुना आहे, नव्या गिऱ्हाइकांना तीच दाखवतात. मला यंदा विभागप्रमुख करायचं घाटतंय. उगाच कोणी म्हणायला नको की घरातूनच तक्रार आली.

तुझा
खुडबुड्या

२ मार्च

खुडबुड्या,

"काळजी करू नकोस" हे तुझं वाक्य मी कापून वेगळं ठेवलंय. तुला परत द्यायला.

वीस मिनिटं झालेली नाहीत, आठच आहेत. टेबलं तुझ्या सांगण्यावरून खिडकीशी नेली. आता आमच्या आणि त्या अंड्याच्या मधे फायलींची तीन उंच कपाटं आहेत, ती हलत नाहीत. आता दिवा बहुतेक वेळ बंदच असतो आणि हवाही बंद. काचेतून ऊन येतं, आम्ही भाजून निघतो, पण ओळ सुटत नाही म्हणून चालवून घेतो.

परवा साहेबांनी तिघांना बोलावलं. हे आमच्या इमारतीचे मुख्य व्यवस्थापक, माणूस तसा ओरडणारा नाही, हळू बोलतो आणि त्यानेच जास्त लागतं. त्यांच्यासमोर तुमच्या कंपनीचा अहवाल होता. म्हणाले, "तपासणीची खोली फेब्रुवारीत कामाच्या वेळेतला चौसष्ट टक्के वेळ रिकामी होती. तुम्ही असता कुठे?"

तुम्ही असता कुठे! मोठ्या बाईंना विचारलं हे. ज्या बाई ताप अंगात घेऊन येतात त्यांना. त्या तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहिल्या. नंतर स्वच्छतागृहात जाऊन रडल्या. तिथला दिवा मात्र तुमच्या कृपेने छान चालू होता.

मी तोंड उघडलं. म्हटलं, ते यंत्र हललेली ऊब बघतं, माणूस बघत नाही, आम्ही हलत नाही. साहेबांनी मान वर केली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या कंपनीत ओळख आहे का तुमची?" मी म्हटलं, नाही, कोणाशी ओळख नाही, कुठेतरी वाचलं. तू सांगितलं होतंस ना बोलू नकोस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर धडधडीत खोटं बोलले मी, तुझ्यासाठी. स्वल्पविराम माझ्याकडे बघतच राहिले.

निर्णय असा, की विभाग ३१ मार्चला बंद. पत्रकं ज्याची त्याने वाचायची. म्हणजे ज्याने लिहिली त्यानेच स्वतःच्या चुका शोधायच्या. आम्हा तिघांना दुसरीकडे जागा नाही. माझं वय सत्तेचाळीस आहे, मला दुसरं काही येत नाही आणि हे मला फार चांगलं येतं. माझी नोकरी जातेय, कळतंय का तुला?

त्या अहवालात "रिकामी" हा शब्द कोणी लिहिला ते मला शोधून दे. २५ तारखेला साहेब वरच्यांसमोर हे सगळं मांडणार आहेत. त्याआधी.

ताई

९ मार्च

ताई,

तू डोक्यात राख घालून लिहितेस आणि मग माणसाला उत्तर देणंसुद्धा अवघड होतं.

हे बघ, आम्ही दिवे आणि हवा सांभाळतो. हजेरी घेत नाही. आकडे यंत्रातून येतात तसे आम्ही देतो, पुढे त्यांचं कोणी काय करावं हे आमच्या हातात नाही. चाकूने कोणी बोट कापून घेतलं तर चाकू करणाऱ्याला धरायचं का? साहेबांना विभाग बंद करायचाच असेल, त्यांना निमित्त हवं असेल. त्याचं खापर आमच्या माथी फोडू नकोस.

अहवाल कोणी लिहिला हे मला माहीत नाही. कंपनी मोठी आहे, पन्नास जण लिहीत असतात. वेळ वाढवण्याबद्दल मी बोललो होतो, पण वर्षाचा करार नवा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही असं वरून सांगितलंय.

तू असं कर. दारावर कार्ड लावून आत जाता ना, त्या नोंदी माग. त्यात तुम्ही किती वाजता आलात, गेलात, सगळं असेल. आणि तोवर टेबलावर एक छोटा पंखा ठेव, त्याला फडकं बांध. काहीतरी हलेल.

आणि खरं सांगू? लहानपणापासून तुझं हेच आहे. काहीही बिघडलं की आधी माझ्याकडे बोट. रेडिओ बंद पडला की मी, घड्याळ मागे पडलं की मी. मी आता चाळीस वर्षांचा आहे. माझ्याही मागे लोक आहेत, मलाही माझं काम आहे. जरा समजून घे.

खुडबुड्या

१६ मार्च

अरे,

नावाने हाक मारावीशी वाटत नाही.

अहवाल मिळाला. स्वल्पविरामांनी साहेबांच्या कारकुनाकडून प्रत आणली. एकवीस पानं. मी ती माझ्या पद्धतीने वाचली, पट्टी धरून, पहिल्या ओळीपासून. तुमच्याकडे कोणी असं वाचत नसावं, नाहीतर ही पानं बाहेर गेली नसती.

पान चार. "तपासणी कक्ष, फेब्रुवारी, ६४ टक्के वेळ रिकामा." जानेवारीत तोच आकडा ४१ आहे. मधे काय झालं? मधे तू मला टेबलं खिडकीशी न्यायला सांगितलंस आणि आम्ही गाढवासारखे कपाटांच्या मागे जाऊन बसलो.

पान अकरा, खोल्यांची यादी. आमच्या खोलीपुढे वापराच्या रकान्यात लिहिलंय "भांडार". वीस वर्षांपूर्वी तिथे कागद साठवायचे. म्हणजे जुना नकाशा बघून ठरवलं, कोणी पायरी चढून वर आलंच नाही. भांडारात माणूस चार मिनिटांसाठी येतो, म्हणून आठ मिनिटं.

पान सतरा, १९ फेब्रुवारीचा आलेख. अकरा ते एक, सपाट रेघ. दोन तास खोलीत कोणी नाही. आता आमची नोंदवही ऐक. १९ फेब्रुवारी, लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक, अकराला सुरू, एकला संपलं. मात्रा हवी होती ०.५, छापलं होतं ५. दहा पट! कोणाच्या तरी तान्ह्या मुलाला दहा पट औषध पाजलं गेलं असतं. ते मी पकडलं, मोठ्या बाईंनी पुन्हा वाचून खात्री केली. त्या दोन तासांत आम्ही हललो नाही, कारण हलण्यासारखं ते काम नव्हतं. तुझ्या कागदावर जिथे जिथे आम्ही नाही, तिथे तिथे आम्ही सगळ्यात जास्त काम करत होतो. नोंदवही घेऊन बस आणि जुळवून बघ, एकूण एक दिवस जुळतो.

पान एकवीस. "सदर कक्ष अन्य वापरासाठी मोकळा करता येईल." खाली तारीख २७ फेब्रुवारी. खाली सही.

चौथीत असताना प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू केली होतीस, आठवतंय? तेव्हा मी तुला वाचवलं होतं. तुझी सही मी अंधारात हात फिरवूनही ओळखेन, ती आधी माझ्यासमोरच घोटली आहेस तू. पन्नास जण लिहीत असतात म्हणे!

५ फेब्रुवारीचं माझं पत्र तुझ्याकडे होतं. खोलीत तीन माणसं बसतात, हलत नाहीत, हे तुला मी स्वतः लिहून कळवलं होतं. त्यानंतर बावीस दिवसांनी तू "रिकामी" लिहून खाली सही केलीस. आणि त्यानंतर दहा दिवसांनी मला लिहिलंस, कोणी लिहिलं माहीत नाही. एवढं निर्लज्ज कसं होता येतं रे? चुकलास असतास तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. तू मला खोटं लिहिलंस. मला!

पंख्याला फडकं बांध म्हणे. तूच बांध, डोक्याला.

२५ तारखेच्या आत साहेबांना लिही की खोली भांडार नाही आणि आकडा चुकीचा आहे. बाकी मला तुझ्याकडून काही नको. उत्तरही नको.

२१ मार्च

ताई,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितोय. सगळं खरं आहे. तू लिहिलंस ते, आणि वर आणखी थोडं.

तुमचा तिसरा मजला मीच आखला. नकाशावरून. यायला हवं होतं, आलो नाही, कारण त्या आठवड्यात सहा इमारती होत्या आणि भांडार बघायला कोण जातं. मुळात वेळ पंधरा मिनिटं होती. बचत जास्त दिसावी म्हणून मी ती सगळीकडे आठ केली. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी यादी काढून बघितली आणि चूक कळली. तुमच्या साहेबांना सांगितलं असतं तर नमुन्याच्या इमारतीत चूक निघाली असती, आणि ती माझी असती. म्हणून तुला हसण्यावारी नेलं. कपाटांचं मला माहीतच नव्हतं. अहवालावर सही करताना त्या ओळीशी थांबलो होतो. थांबलो आणि केली.

परवा माझ्या टेबलावर तसाच सेन्सर बसवून घेतला, आठ मिनिटांवर. तुझ्यासारखी पट्टी धरून एका गोळीचं पत्रक वाचायला बसलो. दिवा गेला तेव्हा मी तिसऱ्या परिच्छेदात होतो. पुन्हा बसलो, पुन्हा गेला. चौथ्यांदा मी ते पत्रक भिरकावून दिलं. मला चाळीस मिनिटं जमलं नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

काल तुमच्या साहेबांना पत्र पाठवलं, माझ्या वरिष्ठांना न विचारता. प्रत सोबत आहे. आता काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सगळं लिहिलं. नोकरी राहील की जाईल माहीत नाही. विभागप्रमुखपदाचं तर विसरलोच आहे.

खुडबुड्या

(सोबतची प्रत)

माननीय व्यवस्थापक यांस,

आमच्या २७ फेब्रुवारीच्या अहवालात तपासणी कक्ष ६४ टक्के वेळ रिकामा असल्याचं मी लिहिलं आहे. ते चूक आहे. आमच्या यंत्राला त्या वेळेत हालचाल आढळली नाही, एवढंच खरं आहे. तो कक्ष मी न पाहता भांडार म्हणून नोंदला, यंत्र कपाटांच्या अलीकडे बसलं, आणि वेळ मी गरजेपेक्षा कमी ठेवली. तिथे तीन माणसं दिवसभर स्थिर बसून वाचतात. त्यांच्यासाठी श्वासाइतकी हालचालही ओळखणारा वेगळा सेन्सर लागतो, तो आम्ही विनामूल्य बसवू. दिव्यांसाठी घेतलेली ही माहिती माणसांच्या कामाचा हिशेब म्हणून वापरू नये.

हे मला फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून माहीत होतं. त्या कक्षातल्या एक कर्मचारी माझी थोरली बहीण आहेत आणि त्यांनी मला ५ तारखेच्या पत्राने कळवलं होतं. मी ते दडवलं. दोष पूर्णपणे माझा आहे.

२ एप्रिल

खुडबुड्या,

तुझं पत्र साहेबांनी २५ तारखेला वरच्यांसमोर मोठ्याने वाचलं. आम्हा तिघांना मुद्दाम बसवलं होतं. विभाग बंद होत नाही. मोठ्या बाई उरलेली दोन वर्षं पूर्ण करून मानाने निवृत्त होतील, स्वल्पविराम राहतील. साहेबांनी मोठ्या बाईंची सगळ्यांदेखत माफी मागितली. हे तुझ्यामुळे झालं, ते मान्य करते. पत्र चांगलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

मग साहेबांनी इतरांना बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. नेहमीसारखंच हळू बोलले. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं, त्या कंपनीत ओळख आहे का. तुम्ही नाही म्हणालात." मग म्हणाले, "तुमच्या खोलीतून जो कागद जातो तो पुढे कोणी तपासत नाही. तिथे बसणाऱ्या माणसाच्या शब्दावर मला डोळे मिटून विसंबता आलं पाहिजे." त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. ३१ तारखेला मी राजीनामा दिला.

२ मार्चचं माझं पत्र काढ. त्यात स्पष्ट लिहिलंय, मी साहेबांना ओळख नाही म्हणाले, तुझ्यासाठी खोटं बोलले. ते तुझ्या हातात होतं. तरी तू त्यांना बहीण लिहिलंस. मुद्दाम नाही, ते मला कळतं. तुझ्या ध्यानातच नव्हतं, कारण तू ते वाचलंच नाहीस. उघडलंस, चाळलंस, मी चिडलेय एवढं बघितलंस आणि घडी घातलीस. खोलीचं तेच, पत्रांचं तेच, माझंही तेच. पाठवायच्या आधी एकदा मला दाखवलं असतंस, एकच ओळ काढायला सांगितली असती मी!

खरं बोललास म्हणून तुला शाबासकी हवी असेल. आज नाही मिळणार. मी अजून इतकी चिडलेली आहे की हे पान तिसऱ्यांदा लिहितेय, दोनदा पेनाने कागद फाटला.

नवे सेन्सर बसवायला १० तारखेला तुमची माणसं येणार आहेत असं कळलं. माणसं पाठवू नकोस. स्वतः ये, शिडीवर चढ, खाली कोण बसलंय ते डोळ्यांनी बघ आणि मग तुझा नवा अहवाल लिही. मोठ्या बाई असतील, स्वल्पविराम असतील. तिसरी खुर्ची रिकामी असेल. ती बिनधास्त रिकामी लिही.

ताई